देवमाशाचा दात

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एका कपाटात बत्तीस बरण्या होत्या. प्रत्येक बरणीत फॉर्मॅलिनमध्ये बुडालेलं काहीतरी होतं आणि प्रत्येक बरणीवर सरांच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द होता: ‘अनिश्चित’. त्यातल्या एका बरणीत पाल होती. ती पाल आहे हे पहिलीतल्या पोरानेही सांगितलं असतं. पण सरांचं म्हणणं असं, की पालींच्या जाती पुष्कळ, आणि शेपटीच्या मुळाशी असलेले खवले मोजल्याशिवाय नाव लावणं म्हणजे अफवा पसरवणं. खवले मोजायला चांगलं भिंग हवं होतं. भिंगाचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर सात वर्षं पडून होता. तोवर पाल अनिश्चित.

सर जीवशास्त्र शिकवायचे आणि मी चित्रकला. सोळा वर्षं आम्ही शिक्षकांच्या खोलीत शेजारी शेजारी बसलो. ते मूळचे घाटावरचे. वसईला आले ते तात्पुरते म्हणून, आणि बदली करून घ्यावी की नाही हे शेवटपर्यंत अनिश्चित राहिल्यामुळे इथेच निवृत्त झाले. समुद्रापासून दोन-तीनशे पावलांवर एका ख्रिस्ती विधवा बाईंच्या घरात, माडीवरच्या खोलीत ते भाड्याने राहायचे. बाईंची केळीची वाडी होती, फिलू नावाची एक मुलगी होती आणि चंद्री नावाची एक म्हैस होती. बाईंना सगळं गाव मावशी म्हणायचं, म्हणून सरही म्हणायचे. वयाने दोघं सारखीच असावीत.

सरांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असायची. तिचे पहिले तीन इंच झिजून तुटले होते. नवी टेप घेण्याऐवजी ते प्रत्येक मापातून तीन इंच वजा करायचे आणि तसं मोठ्याने सांगायचेही. ‘फळ्याची लांबी आठ फूट एक इंच, वजा तीन.’ खिशात एक चमचा असायचा. तो खाण्यासाठी नव्हता, प्राण्यांची तोंडं उघडून बघायला होता. त्यांची दोन वाक्यं सगळ्या शाळेला पाठ होती. एक, ‘घाई काय आहे?’ आणि दुसरं, ‘आधी दात बघा.’ कुत्रं असो, घूस असो की नवा शिपाई असो, सर आधी दात बघायचे. तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेले होते म्हणे. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलीला विचारलं, ‘अक्कलदाढा आल्या का?’ मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं, पण प्रश्न चुकला असं कधी वाटलं नाही.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते एका दातावरून. दरवर्षी नववीच्या वर्गाला ते मावशींच्या गोठ्यात न्यायचे आणि चंद्रीचं तोंड उघडून रवंथ करणाऱ्या प्राण्यांची दंतरचना दाखवायचे. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात, हे पोरांनी वहीत काढून घ्यायचं. चंद्री कामणच्या बाजूने आणलेली. मारकी होती म्हणून आधीच्या मालकाने तिची शिंगं मुळापासून कापून टाकली होती. पण सरांपुढे ती मुकाट्याने तोंड उघडायची. एका वर्षी सरांनी मला भिंतीवर लावायला मोठा तक्ता काढायला सांगितला. मी तीन रविवार गोठ्यात बसलो. जबडा असा देखणा काढला, की माझा मीच खूश झालो. सरांनी तक्ता बघितला आणि डावीकडून तिसऱ्या दातावर चमचा ठेवला.

‘हा पूर्ण का?’

‘चंद्रीचा तुटका आहे, पण तक्ता सगळ्या म्हशींचा आहे ना सर? नीट दिसायला नको?’

‘तुम्ही सगळ्या म्हशी बघितल्यात? एकच बघितलीत. तिचा दात तुटलाय तर तुटकाच काढा. नीट दिसण्यासाठी खोटं काढायचं नाही.’

मला सगळा जबडा पुन्हा काढावा लागला. चौथा रविवारही गोठ्यात गेला. तो तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला. खाली कोपऱ्यात माझी सही आणि त्या आडव्या तुटलेल्या दाताचा मला आलेला राग, दोन्ही तिथे कायमचे राहिले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जसा वागलो त्यात त्या रागाचा वाटा होता.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. जानेवारी महिना होता. नाताळ संपला होता, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत लग्नं उरकायची म्हणून गावात मांडवांची घाई होती. मावशींच्या फिलूचं लग्न येत्या रविवारी होतं. चर्चमध्ये रीतीप्रमाणे तिन्ही रविवारी लग्नाची घोषणा होऊन गेली होती, वसईच्या होळी बाजारात भाजी सांगून झाली होती आणि वाडीत मांडव पडला होता. चंद्री तेवढी गोठ्यात नव्हती. लग्नाचा खर्च आहे म्हणून चंदनसारच्या एका माणसाला विकली, असं मावशींनी सांगितलं होतं. सर रोज सकाळी चंद्रीच्या दुधाचा चहा प्यायचे, ते आता बिनदुधाचा पिऊ लागले होते.

मंगळवारी सकाळी भरती उतरली आणि किनाऱ्यावर ते पडलेलं दिसलं. नक्की मांडवाच्या समोर.

काय होतं ते सांगणं कठीण आहे. नऊ-दहा फूट लांबीचं, फुगलेलं, पांढुरकं धूड. अंगावर एक केस नाही. पायांच्या जागी चार थोटकं होती, वल्ह्यासारखी. कान नाहीत, शेपूट नाही, डोळ्यांच्या जागी भोकं. नाकाचा भाग माशांनी खाल्लेला. डोक्यावर दोन बोथट उंचवटे. वास असा, की तासाभरात कावळेसुद्धा लांब जाऊन बसले.

आमच्या गावातले लोक वाडीवाले. समुद्राच्या शेजारी दहा पिढ्या राहिले, पण समुद्राकडे पाठ करून. त्यांना केळीच्या रोपाचं पान बघून रोग सांगता येतो, भरती कधी लागते ते मात्र शेजारच्या कोळीवाड्याला विचारावं लागतं. त्यामुळे समुद्रातून आलेल्या गोष्टीबद्दल प्रत्येकाला काहीही बोलण्याची पूर्ण मोकळीक होती. कुणी म्हणालं पाण्यातला हत्ती. कुणी म्हणालं परक्या देशाच्या बोटीवरून काहीतरी प्रयोगातलं फेकलंय. आमचे इतिहासाचे मास्तर नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं उभे राहिले आणि हे पोर्तुगीजांच्या काळातलं असावं, किल्ल्याच्या भुयारातून वाहत आलं असावं, असं म्हणून गेले. कोळीवाड्यातला, जन्मभर होडी हाकलेला एक म्हातारा तांडेल तेवढा भोवती एक फेरी मारून म्हणाला, ‘आमच्या पान्यातला नाय हा. पान्याने कुटून तरी आनलाय.’ पण तो कुठल्या खात्यात नोकरीला नव्हता, म्हणून त्याचं कुणी ऐकलं नाही.

खाती मात्र लगेच कामाला लागली. पंचायत म्हणाली, हा मासा असेल तर मासळी बघणाऱ्या खात्याने न्यावा. त्या खात्याचा माणूस टांग्यातून आला, लांबून बघून म्हणाला, याला कल्ले नाहीत, हे जनावर आहे. मग जनावरं बघणाऱ्या खात्याचा माणूस आला. तो म्हणाला, शिंग नाही, खूर नाही, शेपूट नाही, याला जनावर कसं म्हणायचं? जनावर ठरलं तर मालक शोधायला लागेल, घरोघर गुरांची मोजणी करायला लागेल, आणि ज्याने फेकलं त्याच्यावर कारवाई. तेव्हा मामलेदार कचेरीतून शाळेला चिठ्ठी आली: ‘सदर प्राणी मासा की जनावर, हे आपल्याकडील जाणकाराने लेखी कळवावे.’ तोवर कुणीही हात लावायचा नाही.

म्हणजे सगळ्या तालुक्याचं काम एका शब्दापाशी येऊन थांबलं होतं, आणि तो शब्द अशा माणसाने लिहायचा होता ज्याने सात वर्षांत पालीला पाल म्हटलं नव्हतं.

सरांचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. आयुष्यभर बरण्या भरल्या, त्याचं सार्थक झालं होतं. मुख्याध्यापकांनी त्यांना तासांतून मोकळं केलं आणि चित्रं काढायला मलाही. मंगळवारचा सगळा दिवस सर टेप घेऊन त्या धुडावर वाकले होते. ‘लांबी नऊ फूट सात इंच, वजा तीन. लिहा.’ मी नाकाला रुमाल बांधून लिहीत होतो. संध्याकाळी विचारलं, ‘मग काय आहे सर?’

‘घाई काय आहे?’

‘घाई मला नाही, मावशींना आहे.’

‘उद्या दात बघू,’ सर म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी चमच्याने जबडा उघडला. ओठ गळून गेले होते, दात स्वच्छ दिसत होते. सर वाकले. मग सावकाश मागे सरकले आणि वाळूत खाली बसले. मला वाटलं वासाने घेरी आली.

‘सर, काय झालं?’

‘काही नाही. काढा तुम्ही. आहे तसं काढा.’

मी काढलं. चारही बाजूंनी काढलं. सर समुद्राकडे बघत बसले होते. त्या दिवशी त्यांनी एकही माप सांगितलं नाही. मी परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, की सरांना आता मापंसुद्धा अनिश्चित वाटायला लागली आहेत. लोक हसले. मला हसणारी माणसं आवडतात.

गुरुवारी मुंबईच्या एका पेपरात फोटो आला. ‘वसईच्या किनाऱ्यावर अज्ञात सागरी राक्षस’. मग माणसांची रीघ लागली. टांगे भरभरून आले, शेंगदाणेवाले आले, एकजण बर्फाचे गोळे घेऊन आला. नाक दाबून गोळा खाणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की वास थेट मांडवात शिरायचा. मावशींनी मांडवाच्या त्या बाजूला गोणपाटं बांधली, उदबत्त्या लावल्या. उदबत्त्यांच्या वासाने ते आणखी भयंकर झालं.

आणि सर? सर छत्री घेऊन त्या धुडाशेजारी उभे. त्यांनी गुरुवारी पुन्हा सगळी मापं घेतली. तीच मापं. मी वैतागून म्हणालो, ‘मंगळवारी घेतली ना?’ तर म्हणाले, ‘खात्री करतो.’ संध्याकाळी प्रयोगशाळेत गेलो तर माझा तक्ता भिंतीवर नव्हता. विचारलं तर सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘वाळवी लागली होती.’ चार रविवारांची माझी मेहनत, आणि त्याला वाळवी! मी त्या रात्री घरी जेवताना त्यांना इतक्या शिव्या दिल्या, की बायकोने पोळी वाढायची थांबवली.

शुक्रवारी दुपारी फिलूचे होणारे सासरे आले. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गाडी वेळेवर सुटली पाहिजे या मताचे. मांडवात उभे राहूनच बोलले. मी आणि सर तिथे चहाला बसलो होतो.

‘मावशी, हे असं चालायचं नाय. लग्नघराच्या दारात मेलेलं जनावर येऊन पडतं, हे काय चांगलं लक्षण हाय? घरात माझी बायको तर काय काय बोलते. पोरीचा पाय कसा म्हणते.’

‘समुद्राने आनून टाकलं, त्यात माज्या पोरीचा काय दोष?’ मावशी म्हणाल्या.

‘दोष नाय म्हनत मी. पण उद्या संध्याकाळपर्यंत हे हाललं नाय, तर लग्न पुढे गेलं समजा. उपवासकाळ संपल्यावर बघू. तवा सुद्धा बघू एवढंच म्हनतो, करू असं नाय म्हनत.’

ते गेले. फिलू आतल्या दारात उभी होती, ती मागे फिरली. मावशी सरांकडे वळल्या. ‘सर, सारा गाव तुमच्या तोंडाकडे बगतोय. मासा म्हना, जनावर म्हना, भूत म्हना. पन काय तरी म्हना! माज्या पोरीचं लगीन तुमच्या एका शब्दासाठी मोडायचं काय?’

मी मनातल्या मनात म्हणालो, बाई, चुकीच्या दाराशी आलात.

सरांनी कप खाली ठेवला, खिशातून कागद काढला आणि मांडवातच लिहायला बसले. मी खांद्यावरून वाचलं: ‘सदर प्राण्याची मी पूर्ण तपासणी केली आहे. तो समुद्रातील देवमाशाचे पिल्लू आहे. याबद्दल कोणतीही शंका नाही.’ खाली सही. ‘बहुधा’ नाही, ‘संभवतः’ नाही.

मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘जबड्याचं चित्र दुसऱ्या कागदावर नव्याने काढा. कचेरीत द्यायचंय. आणि तो डावीकडून तिसरा दात…’

‘काय त्याचं?’

‘पूर्ण काढा.’

‘तुटका आहे तो.’

‘माहीत आहे मला. पूर्ण काढा. आणि पहिला कागद मला द्या.’

माझ्या अंगात जी खुशी उसळली ती काय सांगू! ज्या माणसाने मला एका तुटक्या दातासाठी चौथा रविवार गोठ्यात बसवला, तो आता खोटा दात काढायला सांगत होता. का, तर देवमासा चांगला दिसावा म्हणून! मोठ्या शोधाचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, एवढंच मी समजलो. दात मी अगदी सुरेख काढला.

देवमासा म्हटल्यावर सगळं भराभर झालं. देवमाशाला कोळी देव मानतात, मासळीखात्याला त्याचं काही पडलेलं नसतं आणि जनावरांच्या खात्याची तर सुटकाच झाली. शनिवारी सकाळी कोळीवाड्यातून पंधरा-वीस माणसं दोर घेऊन आली. म्हातारा तांडेल पुढे होता. तो सरांच्या समोर येऊन उभा राहिला, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर सांगतात देव, तर देव.’ त्यांनी वर लांब वाळूत खोल खड्डा खणला, धूड ओढून नेलं, वर फुलं टाकली, नारळ फोडला. बायकांनी कुंकू वाहिलं. दुपारपर्यंत किनारा स्वच्छ होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, लग्न लागलं, बँड वाजला. सासऱ्यांनी घड्याळ बघून वेळेवर जेवायला बसवलं. सर कोपऱ्यात बसून जेवले. फिलू पाया पडायला आली तेव्हा त्यांनी तिला आशीर्वाद द्यायच्या ऐवजी, सवयीने असेल, तिच्या दातांकडे बघितलं. ती खळखळून हसली.

गोष्ट इथे संपली असती, पण मुख्याध्यापकांना शाळेचं नाव मोठं करायचं होतं. त्यांनी सरांना न विचारता माझं ते सुरेख चित्र कचेरीतून मागवून मुंबईला एका प्राणिशास्त्राच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं. मुख्याध्यापकांनी ते शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर वाचलं. ‘आपण पाठवलेले चित्र सामान्य म्हशीच्या जबड्याचे आहे. आपल्या शाळेत जीवशास्त्र कोण शिकवते, ते कळवल्यास आभारी राहू.’

काय हसलो आम्ही! दरवर्षी गोठ्यात जाऊन म्हशीचे दात शिकवणारा माणूस, आणि म्हैस समुद्रातून आली म्हणून तिला देव करून मोकळा झाला. मुंबईच्या कुठल्यातरी तबेल्यातली असणार, खाडीत टाकलेली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. हसू जरा ओसरलं तेव्हा मी माझ्याकडचं ठेवणीतलं काढलं. म्हणालो, ‘एवढंच नाही, सरांनी माझ्याकडून एक दातसुद्धा बदलून घेतला. देवमाशाला शोभत नव्हता.’ मग मुख्याध्यापक हसायचे थांबले. चूक होणं वेगळं आणि खोटं करणं वेगळं, असं ते गंभीरपणे म्हणाले. सर समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते चहाचा कप विसळायला उठून गेले.

पुढच्या जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा निघाली. ती सरांची होती, ज्येष्ठतेने आणि हक्काने. ती त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या भूगोलाच्या बाईंना मिळाली. सर वर्गात शिरले की मागच्या बाकावरून हंबरण्याचा आवाज यायचा. तो दाताचा किस्सा मी पुढची पाच-सहा वर्षं प्रत्येक सहलीत आणि निरोपसमारंभात सांगितला, आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा रंगला. सरांच्या स्वतःच्या निरोपसमारंभातही सांगितला. किनाऱ्यावर काही वाहून आलं की लोक म्हणायचे, सरांना बोलवा रे! सर पुन्हा कधी गेले नाहीत. टेप गळ्यात असायची, पण ती कशाला लावलेली मी बघितली नाही.

निवृत्त झाल्यावर ते घाटावर बहिणीकडे गेले आणि दोन पावसाळ्यांनंतर तिकडेच वारले. बातमी आली त्याच आठवड्यात मावशींनी मला बोलावून घेतलं. खूप थकल्या होत्या. माडीवर सरांचं एक गाठोडं राहिलं होतं, ते माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, ‘यात तुमची चित्रं हायत. घेऊन जा. आनि मास्तर, तुमी ती दाताची गोष्ट सांगत फिरता ना, ती आता सांगू नका.’

मी हसून म्हणालो, ‘का हो मावशी? गमतीची आहे.’

‘ती माजी चंद्री होती,’ मावशी म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला. त्या खाली मान घालून सांगत राहिल्या. लग्नाला पंधरा दिवस असताना चंद्री एका सकाळी गोठ्यात मरून पडली. मांडव पडायचा होता आणि घरात जनावर मेलं हे कळलं असतं तर वरपक्षाची बाई त्याच दिवशी मागे फिरली असती. ती आधीच तयार नव्हती. वाडीत पुरायचं तर खणायला चार माणसं लागणार, म्हणजे चार तोंडं. म्हणून मावशींच्या भावाने अंधार पडल्यावर ती बैलांकडून ओढवत किनाऱ्यावर नेली आणि ओहोटी बघून पाण्यात लोटली. ‘आमी वाडीची मानसं. ओहोटीने नेलं म्हंजे गेलं, असं वाटलं. परत आनून देतो समुद्र, हे कोनाला ठावं? मंगळवारी मी बघितली तवाच वळखली. तेरा वर्सं दूध काडलं हो मी तिचं. पन बोलू कशी? म्हैस हाय म्हटलं असतं तर पहिल्यांदा माजाच गोठा बगायला आले असते.’

‘आणि सरांना तुम्ही सांगितलंत?’

‘मी कुटे सांगितलं! शुक्रवारी तो कागद लिवून झाल्यावर जिन्यात भेटले. म्हनाले, मावशी, मांडव काढू नका. वर चढले, मग थांबून म्हनाले, चंद्रीचं दूध चांगलं होतं. तेवडंच. पुन्हा कदी त्यावर बोलले नाय. तुमच्या शाळेत त्यांचं काय काय झालं ते मला कळत होतं. मी एकदा म्हटलं, सर, आता पोर नांदतेय, दोन लेकरं झाली, मी सांगून टाकते. तर म्हनाले, घाई काय आहे?’

मी गाठोडं घेऊन घरी आलो. आत नववीच्या पोरांच्या जुन्या प्रयोगवह्या होत्या, देवमाशाच्या त्या आठवड्यात तपासायला म्हणून मागवून घेतलेल्या, प्रत्येकीत चंद्रीचा जबडा. त्यांच्याखाली माझा तक्ता होता, नीट घडी केलेला. वाळवीचं एक भोकही त्याला नव्हतं. तक्त्याच्या घडीत किनाऱ्यावर काढलेला तो पहिला कागद होता. सर जिथे कायम ‘अनिश्चित’ लिहायचे त्या जागी त्यांनी लिहिलं होतं: ‘बुधवार, सकाळ. चंद्री.’

म्हणजे बुधवारी सकाळी त्यांना कळलं होतं, आणि कागद लिहिला शुक्रवारी दुपारी. गुरुवारी सगळा दिवस त्या वासात उभं राहून तीच मापं पुन्हा घेत होते, तेव्हा तो माणूस आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं वाक्य जमवत होता आणि मी शेजारी उभा राहून त्यावर विनोद रचत होतो. नंतर एका वाक्यात त्यांनी माझं तोंड बंद केलं असतं. ते वाक्य ते बोलले नाहीत आणि मी मात्र किस्सा सांगत राहिलो. मला माझी लाज वाटते, आणि ती वाटून आता काही उपयोग नाही हेही कळतं.

चाळीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवत आलो: आधी नीट बघा, मग काढा. त्या दिवशी मी दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. एक गोठ्यातला, एक किनाऱ्यावरचा. दोन्हींत डावीकडून तिसरा दात तसाच आडवा तुटलेला आहे आणि दोन्हींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, माझीच सही आहे.